चेंडू फेकणारा रोबोट: पहिल्यांदाच उतरणाऱ्या टीमसाठी मापं, पायऱ्या आणि खाचखळगे

विद्यार्थ्यांच्या रोबोटिक्स स्पर्धांमध्ये चेंडू फेकण्याचा खेळ काही वर्षांनी पुन्हा पुन्हा येतो. फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशनमध्ये, म्हणजे एफआरसीत, २०१२ साली फोमचे बास्केटबॉल होते, २०१६ साली किल्ल्यावर मारायचे १० इंची गोळे, २०१७ साली ५ इंची भोकांचे प्लास्टिकचे चेंडू आणि २०२० साली ७ इंची फोमचे. एबीयू रोबोकॉनमध्ये, म्हणजे आशिया-पॅसिफिकमधल्या महाविद्यालयांच्या स्पर्धेत, २०२५ साली उलानबातरला रोबोट चक्क बास्केटबॉल खेळले. फर्स्ट टेक चॅलेंजच्या, म्हणजे एफटीसीच्या, २०२५-२६ च्या ‘डीकोड’ खेळात पुन्हा ५ इंची चेंडू आले, या वेळी जांभळे आणि हिरवे.

खालचे सगळे आकडे डीकोड समोर ठेवून दिले आहेत. चेंडू कोणता आणि गोल किती उंच हे पक्कं केल्याशिवाय कोणताही आकडा देता येत नाही. तुमचा खेळ वेगळा असेल तर आकडे बदला, रीत तीच ठेवा.

एक गोष्ट आधीच समजून घ्या. लांब फेकणं अवघड नाही. ६००० आरपीएमची, म्हणजे मिनिटाला ६००० फेऱ्यांची, मोटर आणि एक चाक लावलं की चेंडू मैदानाबाहेर जातो. अवघड आहे ते लागोपाठचे तीन चेंडू एकाच जागी पाडणं, तेही बॅटरी भरलेली असताना आणि अर्धी उतरलेली असताना, चेंडू नवा असताना आणि घासून गुळगुळीत झालेला असताना. पुढची प्रत्येक पायरी त्यासाठी आहे.

१. नियमपुस्तिकेतून फेकण्यापुरते आकडे काढा

खेळ जाहीर होताच मोटर हातात घेण्याचा मोह होतो. आधी पुस्तिका सगळ्यांनी वाचा आणि फेकण्याशी संबंधित तेवढंच एका कागदावर उतरवून वर्कशॉपच्या भिंतीवर लावा. डीकोडसाठी तो कागद असा होतो:

- मैदान १२ फूट × १२ फूट, म्हणजे सुमारे ३.६६ मीटरचा चौरस
- सामना सुरू होताना रोबोट १८ इंचांच्या घनात मावला पाहिजे
- एका वेळी रोबोटजवळ जास्तीत जास्त ३ चेंडू
- चेंडू पोकळ, भोकांचा, पॉलिप्रॉपिलीनचा. मैदानासाठी २४ जांभळे आणि १२ हिरवे
- गोलची पुढची कड जमिनीपासून सुमारे ९८ सेंमीवर
- फेक फक्त लाँच झोनमधून: गोलांच्या बाजूला मोठा त्रिकोण, प्रेक्षकांच्या बाजूला छोटा
- पूर्ण रोबोटवर जास्तीत जास्त ८ मोटर
- पहिले ३० सेकंद स्वयंचलित, मग २ मिनिटं ड्रायव्हरच्या हाती

मोटरचा हिशेब इथेच मांडा. चालण्यासाठी ४, फ्लायव्हीलसाठी (चेंडू फेकणारं चाक) २, इनटेकसाठी (चेंडू जमिनीवरून आत ओढणारा भाग) १, चेंडू वर नेण्यासाठी १. आठ संपल्या. हे आधी न मोजणाऱ्या टीमना शेवटच्या आठवड्यात काहीतरी काढून टाकावं लागतं, आणि बहुतेकदा बळी जाते ती फ्लायव्हीलची दुसरी मोटर.

मोसम चालू असताना आयोजक नियमांच्या दुरुस्त्या काढतात, त्यांना टीम अपडेट म्हणतात. त्या दर आठवड्याला वाचायचं काम एकाच्या नावावर टाका.

रंगांबद्दल स्पष्ट सल्ला देतो. गोलला जोडलेल्या उतारावर, म्हणजे रॅम्पवर, बसलेल्या चेंडूला ३ गुण, रॅम्प भरल्यावर वरून ओघळून गेलेल्याला १, आणि मैदानाबाहेरच्या ओबेलिस्क नावाच्या खांबावर दाखवलेल्या रंगांच्या क्रमाशी जुळलेल्या प्रत्येक जागेला वरचे २. रॅम्पवर ९ चेंडू बसतात. म्हणजे रंगाचा विचारही न करता नऊ चेंडू नीट टाकले तर २७ गुण येतात. पहिल्या स्पर्धेसाठी रंग वेगळे करणारी यंत्रणा बनवू नका. तिन्ही चेंडू गोलमध्ये पडायला लागल्यावर तिचा विचार करा.

२. सामान जमवा, आणि लवकर

फेकणाऱ्या भागापुरती यादी:

- ६००० आरपीएमच्या २ मोटर, एन्कोडरसकट (फेऱ्या मोजणारा सेन्सर), गिअरबॉक्सशिवाय
- ९६ ते १०० मिमी व्यासाची २ ते ४ चाकं, रबरी धावेची, शक्यतो दोन वेगळ्या कडकपणाची
- ८ मिमीचा शाफ्ट, त्याला बसणारी ४ बेअरिंग, आणि शाफ्टला चारी बाजूंनी आवळणारे क्लॅम्पिंग हब
- २ ते ३ मिमी जाडीची पॉलीकार्बोनेट शीट, हूडसाठी (चाकासमोरची वाकवलेली शीट)
- १२ मिमी प्लायवुडचे तुकडे, नमुन्यासाठी
- २ सर्व्हो (सांगितलेल्या कोनात वळणारी छोटी यंत्रं): एक चेंडू अडवणाऱ्या फाटकाला, एक पुढे हूड हलवायचा झाला तर
- स्पर्धेत वापरतात तसलेच किमान १० चेंडू
- डिजिटल व्हर्निअर, वजनकाटा, कोन मोजायचं साधन, स्लो मोशन घेणारा फोन
- प्रत्येकाला संरक्षक चष्मा

भारतातल्या टीमनी इथे दोन गोष्टींकडे लक्ष द्यावं. एफटीसीत फक्त नियमपुस्तिकेतल्या यादीतल्याच मोटर चालतात. आपल्याकडे बाजारात सहज मिळणाऱ्या जॉन्सन गिअर मोटर रोबोकॉनच्या रोबोटवर सर्रास दिसतात, पण एफटीसीच्या तपासणीत त्या बाद होतात. दुसरं म्हणजे, परदेशातून येणारं सामान कस्टममध्ये अडकू शकतं. मोटर, चाकं आणि हब यांची मागणी डिझाइन पक्कं होण्याआधीच नोंदवा. ती कोणत्याही डिझाइनमध्ये लागणारच आहेत. पॉलीकार्बोनेट, प्लायवुड, स्क्रू आणि बेअरिंग मात्र जवळच्या हार्डवेअर बाजारात मिळतात.

शीट घेताना ॲक्रिलिक घेऊ नका. दिसायला सारखंच असतं, पण धक्का बसला की तडकून त्याचे अणकुचीदार तुकडे होतात. पॉलीकार्बोनेट वाकतं. आणि त्याच्या स्क्रूंना लॉकटाइट लावू नका, त्या रसायनाने पॉलीकार्बोनेटला बारीक तडे जातात. तिथे नायलॉक नट वापरा.

३. फेकायची पद्धत ठरवा

कॅटापल्ट, म्हणजे ताणलेल्या रबराने किंवा स्प्रिंगने झटका देणारा हात. एका ठरावीक अंतरावरून उत्तम सातत्य देतो. पण अंतर बदललं की ताण बदलावा लागतो, पुन्हा भरायला वेळ जातो, आणि ताणलेलं रबर तपासणीच्या टेबलावर सुटलं तर कुणाला तरी लागतं.

समोरासमोर दोन चाकं. चेंडू दोघांच्या मधून निघतो, त्याचा वेग चाकाच्या कडेच्या वेगाइतका जवळपास असतो, गिरकी नसते. दोन्ही चाकांचा वेग थोडा जरी वेगळा झाला तरी चेंडू एका बाजूला वळतो.

एक चाक आणि हूड. एका बाजूला फिरणारं चाक, दुसऱ्या बाजूला वाकवलेली स्थिर शीट. चेंडू शीटवरून लोळत बाहेर पडतो, म्हणून त्याचा वेग चाकाच्या कडेच्या वेगाच्या सुमारे निम्मा असतो. वेग निम्मा मिळतो, पण चेंडूला उलटी गिरकी मिळते. गोलच्या मागच्या पाटीवर आपटल्यावर ती गिरकी चेंडूला खाली ओढते. शिवाय निघण्याचा कोन हूडच्या कडेवरून ठरतो, आणि तो बदलणं सोपं असतं.

नव्या टीमने तिसरी पद्धत घ्यावी. पुढचं सगळं तिच्याबद्दल आहे.

४. कागदावर वेग काढा

सूत्र अकरावीच्या भौतिकशास्त्रातलंच आहे:

वेगाचा वर्ग = (९.८१ × अंतराचा वर्ग) ÷ [२ × कोनाच्या कोसाइनचा वर्ग × (अंतर × कोनाचा टॅन − उंचीतला फरक)]

चेंडू जमिनीपासून ३५ सेंमीवरून निघतो आणि गोलची कड सुरक्षित ओलांडायला त्याने आणखी ७५ सेंमी चढायला हवं, असं धरा. कोन ५५ अंश ठेवला तर:

- १.२ मीटरवरून: ४.७ मी/से, गोलमध्ये उतरताना जमिनीशी कोन जेमतेम १० अंश
- २ मीटरवरून: ५.३ मी/से, उतरताना ३४ अंश
- ३ मीटरवरून: ६.२ मी/से, उतरताना ४३ अंश
- ३.३ मीटरवरून: ६.४ मी/से, उतरताना ४४ अंश

या चार ओळी नीट बघा. लांबून मारताना वेग फार वाढत नाही. खरी अडचण जवळून मारताना येते: चेंडू जवळपास आडवा येतो, कडेला लागतो किंवा मागच्या पाटीवर जोरात आपटून परत येतो. आता १.२ मीटरवर कोन ६८ अंश करा. लागणारा वेग ४.८ मी/से, म्हणजे तेवढाच, पण उतरतीचा कोन ५१ अंश होतो. हलता हूड हवा असतो तो याच कारणासाठी. तो बनवणं जमणार नसेल तर ५५ अंशांचा पक्का हूड ठेवा आणि ड्रायव्हरला दीड मीटरच्या आत जाऊन मारायचंच नाही असं शिकवा. पहिल्या वर्षी हा दुसरा मार्ग पुरेसा आहे.

आता आरपीएम. हूडमुळे चाकाच्या कडेचा वेग चेंडूच्या दुप्पट हवा. ९६ मिमी चाकाचा परीघ ०.३०२ मीटर. ५.३ मी/से साठी सुमारे २१०० आरपीएम, ६.४ मी/से साठी सुमारे २५५०. प्रत्यक्षात चेंडू थोडा घसरतो, आणि इतका मोठा पण हलका चेंडू हवेत बराच वेग गमावतो. म्हणून कागदावरच्या आकड्यात १५ ते २५ टक्के मिळवा: २५०० ते ३१००. ६००० ची मोटर थेट जोडली तर ती निम्म्या वेगाच्या आसपास चालते आणि चेंडू गेल्यावर पुन्हा वेग पकडायला तिच्याकडे ताकद उरते. १६२० आरपीएमची गिअरवाली मोटर थेट जोडाल तर ती या वेगाला पोचणारच नाही. ही चूक खूप टीम करतात, कारण किटमध्ये गिअरवाल्याच मोटर असतात.

५. प्लायवुडचा नमुना, एका दिवसात

कॅडमध्ये, म्हणजे संगणकावर, सुंदर डिझाइन करायला बसण्याआधी दोन प्लायवुडच्या फळ्या उभ्या करा, मध्ये शाफ्ट घाला, शीट वाकवून लावा. हूडच्या स्क्रूंसाठी गोल भोकं न पाडता लांबट खाचा पाडा, म्हणजे हूड चाकाच्या जवळ-लांब सरकवता येईल. चेंडू हाताने न ढकलता काठीने ढकला.

पहिल्या दिवशी तीनच गोष्टी शोधायच्या.

हूड आणि चाक यांच्यातलं अंतर. चेंडूच्या व्यासापेक्षा ५ मिमी कमी अंतराने सुरुवात करा आणि २-२ मिमीने घट्ट करत जा. हा चेंडू कडक आहे, फोमसारखा दबत नाही. दबतं ते चाकाचं रबर. सैल असेल तर चेंडू घसरतो आणि प्रत्येक फेक वेगळी पडते. फार घट्ट असेल तर चाकाचा वेग कोसळतो आणि चेंडू तडकतो. मध्ये एक पट्टा सापडतो जिथे फैलाव सगळ्यात कमी असतो. सगळ्यात लांब जाणाऱ्या मापाच्या मागे लागू नका, सगळ्यात कमी फैलावाचं माप घ्या.

हूडचा वेढा. चेंडू चाकाला किती अंश चिकटून राहतो ते. ६० अंशांच्या खाली चेंडूला पूर्ण वेग पकडायला वेळच मिळत नाही. ९० च्या आसपास चांगलं जमतं.

चाकाचा कडकपणा. मऊ फुलपाकळ्यांची चाकं इनटेकला छान, पण ३००० आरपीएमवर ती फुगतात आणि तुम्ही व्हर्निअरने लावलेलं अंतर बदलून जातं. फ्लायव्हीलला कडक गाभ्याचं आणि वर पातळ रबर असलेलं चाक लावा. पीएलए प्लास्टिकमध्ये थ्रीडी प्रिंट केलेलं चाक या वेगाला फिरवू नका. थरांच्या सांध्यात फुटलं तर तुकडे डोळ्यांच्या उंचीवर उडतात.

नमुना चालू असताना समोर कुणी उभं राहायचं नाही, शाफ्टजवळ ओढणी, ओळखपत्राची दोरी, मोकळे केस आणायचे नाहीत. चष्मा नाही तर स्विच नाही.

६. वेग पडू देऊ नका

तीन चेंडूंपैकी पहिला आत जातो, दुसरा कडेला लागतो, तिसरा अलीकडेच पडतो. नव्या टीमचा रोबोट बघितला की हेच दिसतं, आणि दोष नेमबाजीला दिला जातो. खरं कारण बहुतेक वेळा चाकात साठलेल्या ऊर्जेत असतं.

७५ ग्रॅमचा चेंडू ६ मी/से वेगाने निघतो तेव्हा त्याच्यात सुमारे १.३५ ज्यूल ऊर्जा असते. गिरकी आणि घर्षण धरून प्रत्येक फेक चाकाकडून अडीच ज्यूलच्या आसपास घेते असं समजा. २०० ग्रॅमच्या, ९६ मिमीच्या चाकात २५०० आरपीएमला साधारण ८ ज्यूल असतात. अडीच गेले की वेग १७ टक्क्यांनी पडतो. त्याच वेगाला तिप्पट जडत्व असलेल्या चाकाचा वेग सुमारे ५ टक्क्यांनीच पडतो.

म्हणून वजन वाढवा, पण कडेला. शाफ्टजवळ लावलेलं वजन जवळपास फुकट जातं. जडत्व त्रिज्येच्या वर्गाने वाढतं. शाफ्टवर लावलेली स्टीलची चकती, शक्य तितक्या मोठ्या व्यासाची, हा सोपा उपाय आहे. स्थानिक लेथवाल्याकडून करून घ्या आणि मधलं भोक नेमकं मध्यावर आहे ना ते तपासा. अर्धा मिलिमीटर इकडे-तिकडे असेल तर सगळा रोबोट थरथरतो आणि कॅमेऱ्याचं चित्र हलतं.

जड चाकाची किंमत म्हणजे सुरुवातीला वेग पकडायला लागणारा वेळ. त्यावर उपाय: सामना सुरू झाल्यापासून चाक कमी वेगाने, समजा १५०० वर, फिरतं ठेवा, मारायला निघालं की वर न्या. रोबोट थांबल्यावर चाक सुरू करणारी टीम दर फेरीला दोन-तीन सेकंद घालवते.

शाफ्टला दोन्ही टोकांना बेअरिंगचा आधार द्या. एका बाजूने लोंबणारा शाफ्ट या वेगाला वाकतो. चाक बसवायला एका ग्रब स्क्रूचा हब वापरू नका. तो घसरतो, आणि बाहेरून पाहून कळतही नाही. शाफ्ट आणि हबवर मार्करने एक रेघ मारा, रेघ तुटलेली दिसली की हब घसरला.

७. चेंडू चाकापर्यंत नेणं

टीम महिनाभर फ्लायव्हीलवर घालवतात आणि स्पर्धेत अडकतात ते इथे. तीन चेंडू एका ओळीत १५ इंच घेतात, आणि रोबोट १८ इंचांचा. ओळ वळवावी लागते, आणि वळणावर चेंडू अडकतो.

एका बाजूला पट्टा आणि दुसऱ्या बाजूला स्थिर भिंत असेल तर चेंडू लोळत वर जातात. दोन लोळणारे चेंडू एकमेकांना टेकले की टेकलेल्या जागी त्यांचे पृष्ठभाग उलट दिशांनी घासतात आणि दोघंही थांबतात. हे टाळायला चेंडूंमध्ये फट ठेवा किंवा दोन्ही बाजूंना पट्टे लावून चेंडू न लोळवता सरळ सरकवा. भिंतीला गुळगुळीत शीट लावा. प्लायवुडच्या कडेला चेंडूचं भोक अडकतं.

शेवटच्या चेंडूपुढे सर्व्होचं फाटक ठेवा. फाटकाशिवाय फिरणाऱ्या चाकाला चेंडू नुसता स्पर्श करून वेग खातो आणि वेळेआधी उडतो, कधी लाँच झोनच्या बाहेरून. तो दंड स्वस्त पडत नाही.

८. कोड: वेग मोजा, पॉवर देऊ नका

मोटरला ‘०.८ पॉवर’ देऊन मारणारा रोबोट ताज्या बॅटरीवर एका जागी मारतो आणि उतरलेल्या बॅटरीवर दुसऱ्या. मोटर रन-युझिंग-एन्कोडर मोडमध्ये ठेवा आणि वेग टिक प्रति सेकंदात द्या; टिक म्हणजे एन्कोडरची एक मोजणी. ६००० च्या मोटरचा एन्कोडर एका फेरीला २८ टिक देतो. २५०० आरपीएम म्हणजे सुमारे ११६७ टिक प्रति सेकंद.

पीआयडीएफ म्हणजे चाकाचा वेग राखणाऱ्या सूत्रातले चार आकडे: पी, आय, डी आणि एफ. त्यांची सुरुवात अशी करा. पूर्ण पॉवरवर चाक फिरवून जास्तीत जास्त वेग वाचा, समजा २५०० टिक. एफ = ३२७६७ ÷ २५०० = सुमारे १३.१. आय आणि डी शून्य. आता पी हळूहळू वाढवा, चाक वेगाच्या वर-खाली हेलकावे घ्यायला लागलं की थोडं मागे या. फ्लायव्हीलला आय क्वचितच लागतो. चेंडू गेल्यावर साठलेला आय चाकाला गरजेपेक्षा जास्त पळवतो.

इथले तीन सापळे:

एका शाफ्टवर दोन मोटर समोरासमोर असतील तर एकीची दिशा कोडमध्ये उलटी करा. विसरलात तर दोन्ही एकमेकींविरुद्ध लढतात, तापतात, आणि बॅटरीचा २० ॲम्पिअरचा फ्यूज उडू शकतो. पहिल्यांदा चालवताना एक-एक मोटर वेगळी चालवून दिशा बघा. दोन्हींना वेगवेगळं वेगनियंत्रण न देता एकाच एन्कोडरवरून हिशेब करून दोघींना तीच पॉवर दिली तर चाक शांत चालतं.

जास्त अचूकतेच्या आशेने ८१९२ टिकचा थ्रू-बोअर एन्कोडर फ्लायव्हीलला लावू नका. कंट्रोल हबमधला, म्हणजे रोबोटच्या नियंत्रक पेटीतला, वेगाचा आकडा ३२७६७ च्या पुढे जात नाही, म्हणजे २४० आरपीएमलाच तो उलटतो आणि कोडला वाटतं चाक उलटं फिरतंय.

२८ टिकच्या एन्कोडरवर कंट्रोल हब वेग २० टिक प्रति सेकंदाच्या टप्प्यांत सांगतो. ते ४३ आरपीएम होतात. त्यामुळे ‘वेग तयार’ या अटीची मर्यादा २० आरपीएम ठेवलीत तर रोबोट ताटकळत बसेल. ५० ते ६० ठेवा. आणि ती अट फाटकाला जोडा: वेग तयार असेल तरच फाटक उघडेल. पहिल्या आणि तिसऱ्या चेंडूतला फरक या एका अटीने सगळ्यात जास्त कमी होतो.

वेगाची किंमत लक्षात ठेवायला एक आकडा: ३ मीटरवरून मारताना वेगात १ टक्का चूक म्हणजे अंतरात सुमारे ८ सेंमी.

९. नेम

निळ्या गोलवर २० क्रमांकाचा एप्रिलटॅग (कॅमेऱ्याने वाचायची काळी-पांढरी चौकोनी खूण) असतो, लालवर २४. ओबेलिस्कवरचे २१, २२, २३ फक्त रंगांचा क्रम सांगतात. ओबेलिस्क मैदानाबाहेर असतो, त्याच्यावरून रोबोटची जागा काढू नका.

कॅमेऱ्याने अंतर मिळालं की सूत्राऐवजी तक्ता वापरा. दर ३० सेंमीवर रोबोट उभा करून चेंडू आत पडणारा आरपीएम शोधा, लिहा, मधल्या अंतरांसाठी कोडने सरळ रेषेत भरून घ्यावं. चेंडूचं घसरणं, हवेचा अडथळा, तुमच्या चाकाची झीज, सगळं या तक्त्यात आपोआप येतं. कॅमेरा बिघडला तर? ड्रायव्हरच्या गेमपॅडवर दोन बटणं ठेवा: जवळचा ठरलेला वेग आणि लांबचा ठरलेला वेग. मैदानावरची टाइल आणि रेषा पाहून रोबोट उभा करायचा सराव त्याच्याकडून करून घ्या.

१०. चाचणीची नोंद

प्रत्येक बदलानंतर २० फेकी. पाच फेकींवरून काहीच ठरत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदला. नोंदवहीत दर वेळी या गोष्टी हव्यात:

- तारीख, बॅटरीचं व्होल्टेज
- चाक कोणतं, हूडचं अंतर, कोन
- मागितलेला आरपीएम आणि फेकीच्या क्षणीचा खरा आरपीएम
- २० पैकी किती आत
- चुकलेले कुठे गेले: अलीकडे, पलीकडे, डावीकडे, उजवीकडे
- पुन्हा वेग पकडायला लागलेला वेळ

अलीकडे-पलीकडे फैलाव असेल तर वेग किंवा हूड आणि चाक यांच्यातलं अंतर तपासा. डावी-उजवीकडे असेल तर चेंडू चाकाच्या मध्यावर येत नाही. हूडला बाजूच्या पट्ट्या लावा. शंका असेल तर फोनवर २४० फ्रेमचा व्हिडिओ घ्या. चेंडू हूडवर लोळतोय की घसरतोय ते त्यात स्वच्छ दिसतं.

चाकाचं रबर प्रत्येक सामन्याआधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. मैदानाच्या फोमची धूळ बसली की पकड सुटते आणि सगळा तक्ता चुकतो.

११. कल्पना घ्या, द्या आणि नाव सांगा

एफआरसी आणि एफटीसी भरवणाऱ्या फर्स्ट संस्थेच्या स्पर्धांमध्ये दुसऱ्याचं डिझाइन अभ्यासणं ही चोरी मानत नाहीत. प्राध्यापक वुडी फ्लॉवर्स यांनी रुजवलेली ‘ग्रेशस प्रोफेशनॅलिझम’ची कल्पना तीच आहे: जीव तोडून खेळा आणि प्रतिस्पर्ध्याला मदतही करा. एफआरसीत ‘ओपन अलायन्स’ नावाने काही टीम मोसम चालू असतानाच आपलं काम उघड ठेवतात. २५४ क्रमांकाची चीझी पूफ्स ही टीम आपला कोड खुला करते, १६७८ क्रमांकाची सिट्रस सर्किट्स स्काउटिंगची, म्हणजे इतर टीमच्या खेळाच्या नोंदी ठेवण्याची, पद्धत लिहून देते. डीकोडवाल्यांनी २०१७ च्या स्टीमवर्क्स खेळातले रोबोट नक्की बघावेत. ५ इंची भोकांचा चेंडू कसा अडकतो आणि कसा सुटतो याचं उत्तर तिथे आधीच शोधलेलं आहे. मात्र तिथल्या मोटर खूप ताकदवान असतात. रचना घ्या, गिअरचं प्रमाण स्वतः काढा.

महाराष्ट्रातल्या शाळांना आणखी एक दार जवळ आहे. पुण्यात २००८ आणि २०१४ साली एबीयू रोबोकॉन भरली होती, २००८ च्या खेळाची कल्पना तर दहीहंडीवरच बेतलेली होती. आपल्याकडच्या अनेक अभियांत्रिकी महाविद्यालयांत रोबोकॉनच्या टीम आहेत. २०१७ ला तबकड्या, २०२३ ला कड्या, २०२५ ला बास्केटबॉल, असं फेकण्याचं काम तिथल्या दादा-ताईंनी केलेलं आहे. त्यांच्या वर्कशॉपमध्ये एक दुपार घालवा. जाताना प्रश्न नेमका न्या. ‘आमचा शूटर चालत नाही’ याला कुणी उत्तर देऊ शकत नाही. ‘९६ मिमी चाक, २६०० आरपीएम, अंतर चेंडूपेक्षा ७ मिमी कमी, पहिला चेंडू आत, दुसरा ३० सेंमी अलीकडे’ असं सांगितलंत तर समोरचा दोन मिनिटांत चाकाच्या वजनाबद्दल विचारेल.

तुम्ही स्वतः काही मांडाल तेव्हा नुसता फोटो टाकू नका. फोटोवरून कुणालाच काही बनवता येत नाही. सोबत हे द्या:

- चाकाचा व्यास आणि कडकपणा, हूडचं अंतर, वेढा, निघण्याचा कोन
- मोटर आणि गिअरचं प्रमाण
- अंतर आणि आरपीएमचा तक्ता
- २० पैकी किती आत, आणि न जमलेले प्रयोग, कारणासकट
- कॅडची फाइल, स्टेप स्वरूपातही, म्हणजे कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडेल
- कोड, आणि त्यासोबत लायसन्सची फाइल; लायसन्स नसेल तर कोड उघडा दिसला तरी वापरायची परवानगी मिळालेली नसते

न जमलेले प्रयोग लिहायला संकोच वाटतो. पण ‘मऊ चाक ३००० वर फुगलं’ ही एक ओळ दुसऱ्या टीमचा आठवडा वाचवते.

कुणाकडून काही घेतलंत तर परीक्षकांना द्यायच्या इंजिनिअरिंग पोर्टफोलिओत त्या टीमचा क्रमांक लिहा आणि तुम्ही काय बदललं, का बदललं ते लिहा. पोर्टफोलिओ मुखपृष्ठाखेरीज १५ पानांचा असतो, त्यात नोंदवहीतला एक तक्ता दहा फोटोंपेक्षा जास्त जागा कमावतो. परीक्षक विचारतील, ‘हूडचा कोन हाच का?’ त्या वेळी उत्तर देणारा विद्यार्थी मेंटरकडे बघत असेल तर पोर्टफोलिओ कितीही देखणा असला तरी उपयोग नाही.

व्हिडिओ टाकण्याआधी त्यात लहान मुलांचे चेहरे, नावं, शाळेचा पत्ता दिसतो का ते पाहा आणि पालकांची लेखी संमती घ्या. आणि स्पर्धा संपली की रोबोट सुटा करण्याआधी एकदा सगळी मापं पुन्हा घ्या. सामन्यांच्या गडबडीत पिटमध्ये, म्हणजे टीमच्या दुरुस्तीच्या जागेत, सरकवलेलं हूडचं अंतर कॅडमधल्या अंतरापेक्षा वेगळं असतं, आणि पुढच्या वर्षीच्या मुलांना तेच अंतर हवं असतं.